बँकसाइडचं वीजघर

लंडनमधल्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात कुठून शिरायचं आणि छत किती उंच असावं, हे मुळात चित्रांसाठी ठरलेलं नाही. ते ठरवलं बॉयलर आणि टर्बाइननं, कारण ही इमारत आधी वीजकेंद्र होती. म्हणून आधी इथं वीज कशी तयार होई, ते पाहू.

टेम्सच्या दक्षिण काठावर या बँकसाइड वीजकेंद्राचं बांधकाम 1947 मध्ये सुरू झालं. वास्तुविशारद होते जाइल्स गिल्बर्ट स्कॉट; लंडनच्या लाल टेलिफोन बूथचा आराखडाही त्यांचाच. नदीपलीकडे सेंट पॉल कॅथेड्रल, त्याच्या घुमटाची उंची 111 मीटर. त्याला झाकोळू नये म्हणून धुराडं 99 मीटरवरच थांबवलं.

इमारतीचे तीन लांब पट्टे होते. जमिनीखालच्या टाक्यांतलं तेल नदीकडच्या बॉयलरमध्ये जळे. तिथली वाफ मधल्या पट्ट्यातल्या टर्बाइनची पाती फिरवी आणि टर्बाइनला जोडलेलं जनित्र वीज देई. काम झालेली वाफ टेम्सच्या पाण्यानं गार करून पुन्हा पाणी केली जाई. वीज दक्षिण पट्ट्यातल्या रोहित्रांमार्फत शहरात जाई.

1973 नंतर तेलाचे भाव भडकले आणि हे सारं परवडेनासं झालं. 1981 मध्ये केंद्र बंद पडलं. 1994 मध्ये टेट या कलासंस्थेनं नव्या संग्रहालयासाठी ही जागा निवडली आणि पुढच्या वर्षी हर्झोग व द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांकडे काम सोपवलं.

भिंतींच्या 42 लाख विटांच्या आत पोलादी सांगाडा होता, म्हणून यंत्रं काढून मजले घालता आले. बॉयलरच्या जागी चित्रदालनं झाली. टर्बाइनचं दालन मात्र त्यांनी रिकामंच ठेवलं. 152 मीटर लांब, 35 मीटर उंच! जागेची एवढी चणचण असलेल्या शहरात हा निर्णय मला सगळ्यात धाडसाचा वाटतो, आणि तो किती योग्य होता हे 2002 मध्ये दिसलं. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी तीन पोलादी कड्यांवर लाल पडदा ताणून जवळजवळ अख्खं दालन व्यापलं. एवढं शिल्प दुसरीकडे मावलंच नसतं.

मे 2000 मध्ये संग्रहालय उघडलं तेव्हाही दक्षिण पट्ट्यातलं वीज उपकेंद्र चालू होतं. तेलाच्या टाक्यांची पाळी उशिरा आली: 2012 पासून त्या गोल तळघरांत कलेचे प्रयोग होऊ लागले, आणि 2016 मध्ये त्यांच्यावरच संग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली.