संगणकातला क्रमांक एक

किनवटला आदिलाबाद जवळ, पण जिल्ह्याचं नांदेड लांब. त्यामुळे इथल्या शाळेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात जुना संगणक चालवायचा, तर बिघडल्यावर तो आपला आपल्यालाच दुरुस्त करता आला पाहिजे. विंडोज झेपेना झालं की कोणीतरी लिनक्स टाकून देतं. मग एक प्रश्न येतो, ज्यावरून लिनक्सवाले अजून हमरीतुमरीवर येतात: क्रमांक एक कोणाचा?

संगणक चालू झाला की कर्नल (लिनक्सचा गाभा) पहिली एकच प्रक्रिया सुरू करतं. तिचा क्रमांक 1, तिला म्हणतात इनिट. शाळेच्या शिपायासारखी ती सगळ्यांच्या आधी येते आणि सगळ्यांच्या नंतर जाते. नेटवर्क, प्रिंटर, लॉगिन या सेवा तीच उठवते. ती मेली तर कर्नलही कोसळतं.

पूर्वी हे काम सिस-व्ही इनिटकडे होतं: साध्या शेल स्क्रिप्ट, क्रमाने चालणाऱ्या. 2010 मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टमडी आणलं. ते अनेक सेवा एकदम सुरू करतं, सांगून ठेवलं तर पडलेली सेवा पुन्हा उभी करतं. काम चोख, पण हळूहळू लॉग, लॉगिन, नेटवर्क असं बरंच काही त्याच्या पंखाखाली गेलं, आणि लॉग तर साध्या मजकुराऐवजी बायनरी स्वरूपात. फेब्रुवारी 2014 मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीत, इनिट कोणतं घ्यायचं यावर, मतं समसमान पडली. अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. नाराज मंडळींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. तिची पहिली स्थिर आवृत्ती 2017 ची. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं, म्हणजे हे भांडण अगदीच परक्याच्या अंगणातलं नाही.

पर्यायांत मला रनिट आवडतं. प्रत्येक सेवेचं एक फोल्डर, त्यात ‘रन’ नावाची चार ओळींची स्क्रिप्ट, आणि प्रत्येक सेवेवर स्वतंत्र पहारेकरी. सेवा पडली की तो ती पुन्हा उठवतो. बारावीतला पोरगाही ती स्क्रिप्ट वाचून काय चाललंय ते सांगेल. उणीव एवढीच की कोणती सेवा कोणाच्या आधी, हे रनिट बघत नाही. ते हवं असेल तर जेंटू आणि अल्पाइनमधलं ओपनआरसी घ्यावं.

मात्र सिस्टमडी काढलं की जुना संगणक पळायला लागतो, ही समजूत बहुतेक वेळा फोल ठरते. फरक पडतो तो एसएसडीने, वाढवलेल्या रॅमने आणि हलक्या डेस्कटॉपने. इनिट निवडायचं ते वेगासाठी नाही, बिघाड स्वतःला वाचता यावा म्हणून. ज्याला सिस्टमडीच्या आज्ञा येतात, त्याने उगाच बदलू नये.

बदलायचंच असेल तर चालू सिस्टिममधलं इनिट उपटू नका. ज्यात हवं ते इनिट मुळातच आहे असं वितरण घ्या. अँटिएक्स पेनड्राइव्हवरून चालतं आणि त्याच्या 23 व्या आवृत्तीत सिस-व्ही आणि रनिट दोन्ही मिळतात, 32 बिटच्या जुन्या यंत्रांसाठीसुद्धा. आधी तसंच चालवून बघा. प्रिंटर आणि वायफाय चालले, तरच हार्ड डिस्कला हात लावा.