अद्भुतरस आणि व्हिडिओ गेम : कर्त्याचा विस्मय



रससिद्धान्ताची ओळख आपण मागील घटकात करून घेतली आहे. छत्रपती संभाजीनगर येथील अभ्यासकेंद्रावर या विषयाचे संपर्कसत्र घेताना प्रस्तुत लेखक एक प्रश्न हमखास विचारतो : अद्भुतरसाशी जुळणारा तुमच्या स्वतःच्या अनुभवातील एखादा प्रसंग सांगा. उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कोणी गीतेतील विश्वरूपदर्शन सांगतो, कोणी वेरूळचे कैलास लेणे. वेरूळ या शहरापासून तीसेक किलोमीटरवरच असल्याने दुसरे उत्तर येथे अंमळ अधिक येते. एका सत्रात मात्र मागच्या बाकावरील, कारखान्यात पाळी करून आलेले एक विद्यार्थी संकोचत म्हणाले, की लहानपणी टीव्हीला जोडून खेळलेल्या मारिओमध्ये आपण एकदा छतावर चढलो होतो. तो क्षण अजून विसरता येत नाही. वर्ग हसला. ते विद्यार्थीही हसले आणि खाली बसले.

ते हसणे योग्य होते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खेळणे आणि शास्त्र

व्हिडिओ गेम हा पोरखेळ आहे, त्याला साहित्यशास्त्राचे निकष कशासाठी लावायचे, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. या शंकेचे उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रातील पहिल्याच अध्यायात सापडते. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि आपल्याला एक ‘क्रीडनीयक’ हवे असे मागणे मागतात. ते दृश्यही असावे आणि श्राव्यही. क्रीडनीयक म्हणजे खेळणे. ज्या कलेचे विवेचन पुढे अध्यायामागून अध्याय चालते, तिची पहिली ओळख भरताने अशी खेळणे म्हणूनच करून दिली आहे.

खेळाकडे तुच्छतेने पाहण्याची वृत्ती वेरूळच्या शिल्पकारांमध्येही नव्हती. २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत आणि खाली गण नंदीची खोडी काढत आहेत. २९ क्रमांकाच्या लेण्यातही हाच विषय पुन्हा येतो. पुढच्या काळात मोक्षपटासारख्या खेळात सोंगटी पुण्याच्या शिडीने वर चढू लागली आणि पापाच्या सापावरून खाली घसरू लागली. मात्र मोक्षपट खेळणारा केवळ फासे टाकतो. चढणे किंवा उतरणे त्याच्या हाती नसते. व्हिडिओ गेममध्ये ते त्याच्या हाती येते. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

विस्मय आणि टक लावून पाहणे

भरताने सांगितलेल्या आठ रसांपैकी अद्भुत हा एक असून त्याचा स्थायीभाव विस्मय, वर्ण पिवळा आणि देवता ब्रह्मा आहे. दिव्य व्यक्तींचे दर्शन, मनातील इच्छा अकस्मात पूर्ण होणे, उद्यानात किंवा देवालयात जाणे, सभा, विमान, माया, इंद्रजाल हे त्याचे विभाव होत. डोळे विस्फारणे, निर्निमेष पाहणे, रोमांच, आनंदाश्रू, तोंडून ‘वाहवा’ निघणे हे त्याचे अनुभाव होत.

ही यादी वाचताना आपल्यापैकी अनेकांना घरातील मुलाची आठवण येईल. मोबाइलसमोर तोही निर्निमेषच बसलेला असतो! परंतु केवळ अनुभावावरून रस ठरत नाही. पापणी न लवणे हे व्यसनाचेही लक्षण असू शकते. आजच्या पुष्कळ मोबाइल गेममध्ये पैसे भरून बंद पेटी उघडायची असते आणि आत काय निघेल हे नशिबावर सोडलेले असते. पेटी उघडताना प्रकाशझोत पडतो, सनई-चौघडे वाजावेत तसे संगीत वाजते. हा विस्मयाचा देखावा आहे. पेटी उघडल्यावर मनात उरते ती पुढच्या पेटीची हाव. मुलाविषयीची पालकांची काळजी येथे अगदी खरी आहे आणि अद्भुतरसाचे नाव घेऊन ती उडवून लावता येणार नाही.

मग टिकणारा विस्मय कोणता? त्यासाठी त्या विद्यार्थ्यांच्या छताकडे वळू.

छतावरची वाट

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा गेम जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १९८५ मध्ये प्रकाशित केला. आपल्याकडे तो पुढे टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर घरोघरी पोहोचला. त्यात खोचायच्या प्लास्टिकच्या खोक्याला सर्वजण ‘कॅसेट’ म्हणत. त्यातील पहिल्या जगाचा दुसरा टप्पा जमिनीखाली आहे. वर विटांचे छत, खाली विटांची जमीन आणि मधून मारिओने पळायचे. छत ही त्या जगाची मर्यादा आहे, हे कोणी सांगत नाही. पाहताक्षणीच ते मान्य होते.

टप्प्याच्या शेवटाकडे वर जाणाऱ्या फळ्या आहेत. त्यांवर उभे राहून योग्य क्षणी उडी मारली, तर मारिओ विटांच्या छतावर जाऊन उभा राहतो. पडद्यावर जेथे गुणांचे आकडे छापलेले असतात त्या पट्टीला जवळजवळ डोके लावून तो पळू लागतो. बाहेर पडण्याचा नळ खाली मागे राहतो. पुढे एक खोली लागते. तिच्यात तीन नळ असतात आणि त्यांतून थेट दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जगात जाता येते.

येथे नेमके काय घडले? पडद्यावर भव्य असे काहीही अवतरले नाही. त्याच विटा, तेच नळ. जी चौकट आपण जगाची सीमा मानली होती, ती जगाचाच एक भाग निघाली. आणि हे कोणी दाखविले नाही; खेळणाऱ्याने स्वतः उडी मारली म्हणून ते उघड झाले. इंद्रजालात जादूगार करतो आणि आपण पाहतो. येथे करणारा आणि थक्क होणारा एकच आहे.

वेरूळचा शिल्पी

कर्ता स्वतःच्याच कृतीने विस्मित होतो, ही कल्पना आपल्या परंपरेला नवी नाही. तिचा एक जुना आणि सुंदर पुरावा थेट कैलास लेण्याशीच जोडला जातो. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याच्या इ. स. ८१२ च्या बडोदे ताम्रपटात, कृष्णराजाने एलापुर येथे करविलेल्या शिवमंदिराचे वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून चकित होतात आणि हे मानवनिर्मित नसून स्वयंभू असावे असे त्यांना वाटते. इथवर हे वर्णन प्रशस्तीच्या रूढ पद्धतीचे आहे. पण ताम्रपटाचा कवी पुढे जातो : ज्या शिल्पीने हे मंदिर घडविले त्याला तसे दुसरे घडविता येईना आणि हे आपल्या हातून झाले तरी कसे, असा विस्मय त्यालाच पडला.

मराठीत याच लेण्याविषयी कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’त एक आख्यायिका येते. राजा आजारी पडतो. तो बरा व्हावा म्हणून राणी माणिकावती देऊळ बांधण्याचा नवस करते आणि शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही असे व्रत धरते. इतक्या अल्पावधीत शिखर कोण उभारणार? पैठणचा कोकस नावाचा शिल्पी ते मान्य करतो आणि डोंगराच्या माथ्यावरून खाली खोदू लागतो. साहजिकच शिखर आधी दिसते. तर्क अगदी मारिओच्या छतासारखा आहे. देऊळ पायापासून वर चढते ही मर्यादा सर्वांनी गृहीत धरली होती, कोकसाने धरली नाही.

आता भरताचे एक विधान आठवावे. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, बीभत्सापासून भयानक आणि वीरापासून अद्भुत उत्पन्न होतो, असे तो म्हणतो. परीक्षेसाठी आपण ही जोडी पाठ करतो, पण वीराचे फळ अद्भुत का, हे क्वचितच विचारतो. धनंजयाचे ‘दशरूपक’ याचा उलगडा करण्यास साहाय्य करते. रसास्वादाच्या वेळी चित्ताच्या चार अवस्था होतात असे तेथे सांगितले असून वीर आणि अद्भुत या दोहोंची अवस्था एकच आहे : विस्तार. चौदाव्या शतकातील विश्वनाथानेही ‘साहित्यदर्पणा’त चमत्काराला चित्ताचा विस्तार म्हटले आणि विस्मय हे त्याचेच दुसरे नाव मानले. पराक्रम करताना मन फुलते. पराक्रमाने उघडलेले जग आपल्याहून मोठे निघाले की तेच फुललेले मन विस्मयात विसावते. नाटकात या दोन पायऱ्या वाटून घेतल्या जातात, पराक्रम नायकाचा आणि विस्मय प्रेक्षकाचा. व्हिडिओ गेममध्ये त्या एकाच व्यक्तीत घडतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न : कैलास लेणे पाहणारा प्रवासी आणि ताम्रपटातील शिल्पी या दोघांच्या विस्मयात कोणता फरक आहे? पाच-सहा ओळींत लिहा.

एक आक्षेप

येथे अभिनवगुप्ताचा आधार घेऊन एक गंभीर आक्षेप घेता येतो. रसास्वादातील विघ्ने सांगताना त्याने स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न सांगितले आहे. गेम खेळणारा तर सदैव विवशच असतो. शत्रू येतो आहे, वेळ संपत आहे, एकच जीव उरला आहे. अशा धांदलीत साधारणीकरण कोठून होणार?

आक्षेप खरा आहे आणि बहुसंख्य गेम त्यातून सुटत नाहीत. परंतु जे गेम खेळणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिले, त्यांत ही धांदल जाणीवपूर्वक थांबविलेली आढळते. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावी गेले. रानात भटकताना तेथे त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते तिच्यात शिरले, ही आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे. १९८६ मध्ये आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या गेममागे अशीच भटकंती होती. याच मालिकेतील २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची सुरुवात पाहावी. नायक एका गुहेत जागा होतो, अंधाऱ्या वाटेने बाहेर येतो, कड्याच्या टोकाशी जातो आणि समोर मैलोगणती प्रदेश पसरतो. तेथे शत्रू नाही, गुणांचे आकडे नाहीत. कैलासाच्या अरुंद प्रवेशद्वारातून प्रांगणात पाऊल टाकताना आपली जी अवस्था होते, तिची रचना अशीच आहे : आधी संकोच, मग विस्तार. मियामोतो यांचे बालपण वेरूळला गेले असते तर त्यांनी काय केले असते, असा विचार मनात येतोच, असो.

‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) हा गेम तर वीर आणि अद्भुत यांच्या नात्याचीच परीक्षा घेतो. मृत तरुणीला परत आणण्यासाठी नायकाने सोळा महाकाय प्राणी मारायचे आहेत. प्रदेश ओसाड, सोबतीला एक घोडा. त्या प्राण्यांच्या केसाळ पाठीवर चढताना छाती दडपते. प्राणी कोसळतो तेव्हा मात्र जयघोष होत नाही; शोकाचे सूर वाजतात. आपणच ज्याकडे थक्क होऊन पाहिले, ते आपणच नष्ट केले, ही जाणीव तेथे होते आणि अद्भुताच्या पाठोपाठ करुण येतो. भरताच्या जोड्यांत हा क्रम नाही. प्रेक्षकाच्या हातून कधी काही घडतच नसल्याने तो सांगण्याचे कारणही नव्हते.

याउलट ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) मध्ये हातांनी फारसे काही मिळवायचेच नाही. दर बावीस मिनिटांनी तेथील सूर्याचा स्फोट होतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुढच्या फेरीत बरोबर येते ते केवळ खेळणाऱ्याला कळलेले. त्यामुळे रहस्य उलगडल्यावर तोच गेम नव्याने खेळता येत नाही. शाकुंतल आपण दहा वेळा वाचू शकतो आणि दहाव्या वेळी रस अधिकच दाटतो; येथे विस्मय एकदाच भेटतो आणि नंतर केवळ आठवणीत राहतो. हे या माध्यमाचे उणेपण मानावे की वैशिष्ट्य, याचा निर्णय आपण करावा.

पुण्यातील एक प्रयत्न

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा गेम विचारात घ्यावा. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहत आपापसांत बोलत राहतात आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या दृश्यांतून जोडले जातात. सूत्रधार आणि बाहुल्या या आपल्या जुन्या सामग्रीचा इतका सहज उपयोग क्वचितच झाला असेल. महाल आणि मंदिरे नजरेत भरतात. मात्र ती कोठून, किती दुरून पाहायची हे बहुतेक वेळा कॅमेराच ठरवितो. त्यामुळे प्रस्तुत लेखकाच्या मते येथील विस्मय मिरवणूक पाहणाऱ्याचा आहे, छतावर चढणाऱ्याचा नाही. त्याचे मोल कमी नाही. पण तो ताम्रपटातील देवांच्या विस्मयाशी जुळतो, शिल्पीच्या नव्हे.

संपर्कसत्रातील त्या विद्यार्थ्यांना नंतर विचारले, की छतावरची ती वाट तुम्हाला कोणी सांगितली होती का. ते म्हणाले, “नाही सर, पडलो असतो तर मेलोच असतो, पण म्हटलं बघू.” या वेळी वर्ग हसला नाही. दोघांनी मारिओची ती जागा नेमकी कोठे आहे, असे विचारले.

लेखनकृती : खेळ, प्रवास किंवा काम यांपैकी कोठेही, आपल्याच हातून घडलेल्या गोष्टीने आपण थक्क झालात असा एक प्रसंग सुमारे ३०० शब्दांत लिहा. त्यातील विभाव व अनुभाव ओळखा आणि ती गोष्ट करण्यापूर्वी आपण कोणती मर्यादा गृहीत धरली होती, हे स्पष्ट करा.