साथीआधीचे दिवस

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे लोहमार्ग वर्धा-सेवाग्राम परिसरात एकमेकांना मिळतात आणि आता समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून जातो, त्यामुळे श्वासावाटे पसरणारा एखादा नवा विषाणू यांपैकी कोणत्याही महानगरात उतरला, तर वर्ध्यापर्यंत येण्यास त्याला फार तर एका रात्रीचा प्रवास पुरेल. फ्लूच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे, कारण संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी दोनच दिवस जातात आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस इतरांना संसर्ग देऊ लागतो. अशा विषाणूला जिल्ह्याच्या सीमेवर अडवता येईल, अशी कल्पना कोणत्याही आराखड्याने करू नये. त्याची पहिली चाहूल लागल्यापासून तो गावोगाव पोहोचेपर्यंत जे मोजके दिवस हाती असतात, ते वाढवणे आणि वाया न घालवणे, एवढेच प्रशासनाच्या व समाजाच्या हातात असते.

शंभर वर्षांपूर्वी हे दिवस कसे निसटले, याची नोंद याच भूभागात आहे. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात आलेला इन्फ्लुएंझा पहिल्या लाटेत तुलनेने सौम्य होता. सप्टेंबरात त्याचे घातक रूप मुंबईत प्रकटले आणि आगगाडीबरोबर देशाच्या आतल्या भागात शिरले. वर्धा तेव्हा मुंबई-नागपूर मार्गावरचे महत्त्वाचे स्थानक होते आणि तेथून हिंगणघाटकडे फाटा जात होता. जिल्हा ज्या मध्य प्रांतात होता, तो देशात सर्वाधिक मृत्युदर नोंदवलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. त्या वर्षी पावसाने दगा दिलेला होता, धान्य महागले होते आणि साथीचा जोर नेमका सुगीच्या तोंडावर आला. संपूर्ण हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. या अंदाजांमध्ये एवढे अंतर पडण्याचे कारणही तयारीच्या दृष्टीने बोलके आहे: गावातील जन्ममृत्यूंची वर्दी देण्याचे काम गावकामगारांकडे, मध्य प्रांतात बहुतांशी कोतवालाकडे असे, आणि तोच अंथरुणाला खिळला की गावातील मृत्यू कागदावर येतच नसत. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘मानमोडीची साथ’ म्हणून टिकून राहिलेल्या या आपत्तीत वीस ते चाळीस वयोगटातील माणसे, त्यातही स्त्रिया, विशेष प्रमाणात दगावली. (गांधीजींनाही त्या वर्षी हाच फ्लू झाला होता, असे आजकाल वारंवार छापले जाते, त्यांच्या आत्मकथेतील वर्णन मात्र खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या मोहिमेनंतर झालेल्या आमांशाचे आहे.)

फ्लूचा विषाणू पुन्हा पुन्हा नवा होऊन का येतो, हे त्याच्या घडणीत दडलेले आहे. ‘ए’ प्रकारच्या फ्लू विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रमुख प्रथिने असतात: पेशीला चिकटण्यासाठी हिमॅग्लुटिनिन आणि तयार झालेले नवे विषाणू पेशीपासून सुटे करण्यासाठी न्यूरामिनिडेझ. ‘एच१एन१’ किंवा ‘एच५एन१’ या नावांतील एच आणि एन ही त्यांचीच आद्याक्षरे होत. या प्रथिनांत दरवर्षी होणाऱ्या बारीकसारीक बदलांमुळे मागच्या वर्षीची प्रतिकारशक्ती अपुरी पडते आणि नेहमीचा हंगामी फ्लू येत राहतो. महासाथीचे कारण निराळे असते. या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत विभागलेली असतात, त्यामुळे एकाच पेशीत दोन वेगवेगळे फ्लू विषाणू एकाच वेळी शिरले, तर नव्या विषाणूंमध्ये तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. त्यातून ज्याची ओळखच बहुतेक मानवांच्या प्रतिकारयंत्रणेला नाही, असा विषाणू एका फटक्यात तयार होतो. २००९ साली जगभर पसरलेल्या विषाणूत डुक्कर, पक्षी आणि माणूस या तिन्हींच्या फ्लूमधून आलेले तुकडे होते.

म्हणूनच वर्धा जिल्ह्यातील तयारीची सुरुवात रुग्णालयात होऊ शकत नाही. ती कोंबड्यांच्या खुराड्यापासून आणि पाणवठ्यापासून व्हायला हवी. भारतातील पाळीव पक्ष्यांमधला ‘एच५एन१’चा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात झाला. २०१९ साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने देशातील ‘एच९एन२’ या पक्ष्यांच्या फ्लूचा पहिला मानवी रुग्ण नोंदवला. तो मेळघाटातील दीड वर्षाहून लहान असलेला मुलगा होता, आणि मेळघाट ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, तो वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर सुरू होतो. हे बाळ बरे झाले, परंतु त्याचा आजार ओळखला गेला तो केवळ तेथे श्वसनरोगांचा वेगळा अभ्यास चालू होता म्हणून. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले आणि भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने त्यांच्यात ‘एच५एन१’ असल्याचे स्पष्ट केले. सेलू तालुक्यातील बोर व्याघ्र प्रकल्प, त्याच्या पोटातला बोर धरणाचा जलाशय, हिवाळ्यात तेथे उतरणारे पाणपक्षी आणि आजूबाजूच्या गावांतील मोकाट फिरणाऱ्या गावठी कोंबड्या यांचे सान्निध्य लक्षात घेतले, तर गोरेवाड्याची बातमी वर्ध्याने शेजारच्या जिल्ह्याची म्हणून वाचून सोडावी, अशी नव्हती.

भीती आणि वस्तुस्थिती यांत येथे फरक करावा लागतो. २००३ पासून जगात नोंदल्या गेलेल्या ‘एच५एन१’च्या मानवी रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले, तरी हे रुग्ण वीस वर्षांत हजाराच्या आतच राहिले, कारण पक्ष्यांचा विषाणू ज्या प्रकारच्या ग्राहींना, म्हणजे पेशीवरील चिकटण्याच्या जागांना, पकडतो, त्या माणसात मुख्यतः फुप्फुसात खोलवर असतात आणि नाका-घशात विरळ असतात. त्यामुळे आजार तीव्र होतो, पण खोकल्या-शिंकेतून तो सहज पुढे जात नाही. हा अडसर काही जनुकीय बदलांनी दूर होऊ शकतो, आणि विषाणू जितक्या वेळा माणसात शिरेल तितक्या संधी त्याला मिळतात. २०२४ पासून अमेरिकेतील दुभत्या गायींमध्ये तो पसरल्याने ही चिंता वाढली आहे. शासनाच्या आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील पाळीव पक्षी नष्ट करून त्यांची भरपाई दिली जाते आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. नियम चांगला आहे. मात्र तो लागू होण्यासाठी कोणीतरी मर कळवावी लागते. परसात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या घरात त्या पटापट मेल्या, तर हा कोंबड्यांमधला राणीखेत रोग असावा असे समजून पक्षी पुरले किंवा उकिरड्यावर टाकले जातात, आणि कळवले तर उरलेल्याही जातील ही धास्ती असते. भरपाई वेळेवर आणि विनासायास हातात पडणे हा म्हणूनच केवळ शेतकरी कल्याणाचा विषय नाही. आगाऊ सूचना विकत घेण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

माणसांमधील चाहूल टिपण्यासाठी देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात उपकेंद्रातील आरोग्यसेविका लक्षणांवरून, डॉक्टर संशयावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून अशा तीन पातळ्यांवर माहिती कळवतात, आणि ती आता संगणकीय व्यासपीठावर जमा होते. फ्लूसाठी दोन व्याख्या महत्त्वाच्या आहेत: ताप व खोकला असलेला ‘फ्लूसदृश आजार’, आणि त्याच लक्षणांसह रुग्णालयात दाखल करावे लागणारा आजार, ज्याला ‘सारी’ म्हणजे तीव्र श्वसनसंसर्ग म्हणतात. हे आकडे एरवी कंटाळवाणे असतात, आणि त्यांचे सगळे मोल त्या कंटाळवाणेपणातच आहे, कारण समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यात ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात साधारणपणे किती जण तापाने येतात हे माहीत असल्याशिवाय यंदाचा आकडा वेगळा आहे, हे कोणालाच म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात फ्लूचा एक जोर पावसाळ्यात आणि दुसरा हिवाळ्याच्या उत्तरार्धात येतो. विदर्भात पावसाळ्यातील तापांमध्ये डेंग्यू, मलेरिया आणि २०१८ मध्ये ठळकपणे दिसलेला स्क्रब टायफस हेही मिसळलेले असतात. खासगी दवाखान्यात गोळ्या-इंजेक्शन घेऊन परत जाणारा रुग्ण तर या मोजणीत बहुधा येतच नाही, आणि ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी फट आहे.

तपासणीच्या बाबतीत मात्र मोठा पल्ला गाठला गेला आहे. २००९ मध्ये, जेव्हा ३ ऑगस्टला पुण्यात देशातील पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू झाला, तेव्हा राज्यभरातील संशयितांचे नमुने मोजक्या प्रयोगशाळांवर अवलंबून होते. २०२० मध्ये सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पीसीआर तपासणी सुरू झाली आणि जिल्ह्याचे परावलंबित्व संपले. पण यंत्र असणे आणि त्यासाठी रसायने, तंत्रज्ञ व नमुन्यांचा नियमित ओघ असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. कोविडची महामारी ओसरल्यावर प्राणवायू निर्मितीची संयंत्रेही देखभालीवाचून पडून राहू शकतात. डिसेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये देशभर घेण्यात आलेल्या रंगीत तालमी ही अशा गोष्टी चालू स्थितीत आहेत का, हे पाहण्याची रीत होती आणि ती साथीची बातमी नसतानाही दरवर्षी पाळण्यासारखी आहे.

खाटांचा हिशेब साध्या त्रैराशिकाने करता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख आहे. महासाथीत एक चतुर्थांश लोक आजारी पडले असे गृहीत धरले, तर रुग्णसंख्या सव्वातीन लाख होते. त्यांपैकी शंभरात एकालाच दाखल करावे लागले, निम्मे रुग्ण साथीच्या ऐन तीन आठवड्यांत आले आणि प्रत्येक जण एक आठवडा राहिला, तर एका वेळी साधारण साडेपाचशे खाटा लागतील. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि शासकीय रुग्णालये मिळून हा भार ओढता येण्यासारखा आहे, आणि या बाबतीत वर्धा अनेक जिल्ह्यांपेक्षा सुदैवी आहे. विषाणू अधिक उग्र निघून शंभरात पाच जणांना दाखल करावे लागले, तर मात्र हाच आकडा पावणेतीन हजारांच्या घरात जातो, आणि या खाटा एरवीही रिकाम्या नसतात. बाळंतपणे, हृदयविकार, सर्पदंश आणि फवारणीच्या हंगामातील विषबाधा साथीसाठी थांबत नाहीत. तेवढेच रुग्ण दुप्पट आठवड्यांत विभागले गेले, तर गरज निम्मी होते. शाळा बंद ठेवणे, आठवडी बाजार विखरून भरवणे, मुखपट्टी वापरणे या उपायांचे प्रयोजन एवढेच असते. दुसरी अडचण अंतराची आहे. जिल्ह्यातील मोठी रुग्णालये वर्धा शहराच्या काही किलोमीटर परिसरात एकवटली आहेत, तर आष्टी तालुक्यातील रुग्ण आर्वीच्याही पलीकडून येणार आहे.

औषधाबाबतही वेळच निर्णायक असते. ऑसेल्टामिविर हे फ्लूविरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिले तर अधिक उपयोगी पडते. केंद्र शासनाने २००९ मध्ये रुग्णांचे तीन गट केले: सौम्य लक्षणांच्या ‘अ’ गटाला तपासणी किंवा हे औषध न देता घरी विश्रांती, जोखमीच्या ‘ब’ गटाला, म्हणजे गर्भवती, वृद्ध, मधुमेही अशांना, तपासणीवाचून औषध, आणि धाप लागलेल्या ‘क’ गटाला रुग्णालयात दाखल करून तपासणी व उपचार. ही वर्गवारी प्रत्येक आशा कार्यकर्तीला पाठ असावी इतकी सोपी आहे, आणि गोळ्या जिल्ह्याच्या भांडारात असण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात असणे महत्त्वाचे, हे तिच्यातून आपोआप निघते. औषधांच्या पुरवठ्याचे प्रकरण वर्ध्याने जवळून पाहिले आहे. मे २०२१ मध्ये येथील जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये कोविडसाठी वापरल्या जाणाऱ्या रेमडेसिविरचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले आणि टंचाईच्या त्या दिवसांत ते स्वाभाविकही होते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातील कोविड रुग्णांना हे औषध सरसकट देऊ नये असे सुचवले होते, ही माहिती रांगेतल्या नातेवाइकांपर्यंत पोहोचली नव्हती. कोणत्या औषधाचा किती उपयोग आहे, हे विश्वासाने सांगणारा आवाज साथीच्या आधीच ठरवून ठेवावा लागतो.

लसीचे वेळापत्रक आणखी कठोर आहे. नवा विषाणू ओळखल्यापासून लस तयार होण्यास पारंपरिक पद्धतीने चार ते सहा महिने लागतात. सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची ‘एच१एन१’ लस जुलै २०१० मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच महिन्यात, १० ऑगस्टला, जागतिक आरोग्य संघटनेने ती महासाथ संपल्याचे जाहीर केले. हंगामी लस नव्या विषाणूपासून वाचवील याची खात्री नसते, तरी गर्भवती, मधुमेही आणि आरोग्य कर्मचारी यांना ती पावसाळ्यापूर्वी देण्याची राज्याची योजना जोमाने राबवली, तर शीतसाखळी, याद्या आणि टोचणाऱ्यांचा सराव तयार राहतो. २०१५ मध्ये, कोणतीही महासाथ जाहीर नसताना, देशात ‘एच१एन१’मुळे जवळपास ३ हजार मृत्यू नोंदले गेले होते, हे पाहता या योजनेला वेगळ्या समर्थनाची गरज नाही.

निती आयोगाच्या तज्ज्ञगटाने सप्टेंबर २०२४ च्या अहवालात साथीच्या पहिल्या शंभर दिवसांवर भर दिला आणि स्वतंत्र कायद्याची शिफारस केली, आणि नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्येच झाली आहे. माणूस, जनावरे आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहण्याची ही कल्पना वर्ध्यात उतरायची, तर पशुधन विकास अधिकारी, वनपाल आणि तालुका आरोग्य अधिकारी यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसणे, ही तिची किमान पायरी ठरेल. त्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही.

लोकांच्या तयारीचा प्रश्न मात्र शेवटी मजुरीपाशी येऊन थांबतो. ‘ताप आल्यास पाच दिवस घरी थांबा’ हा फ्लूमधील महत्त्वाचा सल्ला आहे, पण जिल्ह्यात कापूस वेचणीचे काम मुख्यतः स्त्रिया करतात, त्यांची मजुरी वेचलेल्या किलोंवर ठरते, आणि वेचणीचा भर दसरा-दिवाळीनंतर, म्हणजे १९१८ च्या घातक लाटेच्याच महिन्यांत असतो. अशा घरात पाच दिवस थांबणे ही सवयीची किंवा समजुतीची बाब राहत नाही. याच जिल्ह्यात कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विमा योजनेत गावकरी सुगीला कुवतीनुसार ज्वारीच्या रूपाने वर्गणी देत असत आणि त्या बदल्यात त्यांना उपचारांत सवलत मिळे, त्यामुळे आजारपणाचा खर्च गावाने आधीच वाटून घेण्याची कल्पना येथे परकी नाही. बचत गट, ग्रामपंचायत आणि रोजगार हमीची यंत्रणा यांना जोडून आजारी मजुराच्या पाच दिवसांच्या मजुरीची व शिध्याची सोय कोणत्या निधीतून करायची, हे जिल्ह्याच्या आराखड्यात खाटा आणि गोळ्यांच्या रकान्याशेजारी लिहिले जायला हवे, आणि ते कापूस फुटण्यापूर्वी.