खंडाचे जिवाणू, दुष्काळाचे नव्हेत

बियाण्याला जिवाणू चोळले की पीक दुष्काळाला पुरून उरते, असे आता जाहिरातींपासून कृषिमेळाव्यांपर्यंत सर्रास ऐकू येते. या दाव्याला आधार देणाऱ्या शोधनिबंधांपैकी एकाने मला फार दिवस धरून ठेवले आहे. तो २००४ साली ‘प्लांट सायन्स’ या नियतकालिकात आला. लेखक तिघे : शिमॉन मायाक, त्सिपोरा तिरोश आणि कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे बर्नार्ड ग्लिक. मायाक जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले, पण त्यांचे नाव झाले ते कोरडवाहू शेतीत नव्हे. तोडलेली फुले का कोमेजतात, या अभ्यासात. फुलदाणीतले कार्नेशन मान टाकते त्यात इथिलीन वायूचा मोठा हात असतो. हे ज्याला पाठ, त्याला सुकणाऱ्या रोपाकडे पाहतानाही पाण्याच्या जोडीने इथिलीन दिसणारच. दुष्काळाच्या संशोधनात हा फुलांचा माणूस शिरला, म्हणून प्रश्नच वेगळा विचारला गेला, असे मला वाटते.

प्रश्न असा : ताणात रोपाचे नुकसान पाण्याअभावी किती होते आणि स्वतःच्याच घाबरटपणामुळे किती? ताण पडला की वनस्पतीत एसीसी नावाचे द्रव्य वाढते आणि त्याचे इथिलीन होते. ते फार झाले की मुळांची वाढ खुंटते, पाने गळतात. १९७८ मध्ये होन्मा आणि शिमोमुरा या जपानी संशोधकांनी एसीसी फोडणारे विकर एका जिवाणूत दाखवून दिले. असे जिवाणू मुळांतून पाझरणारे एसीसी खाऊन नायट्रोजन मिळवतात आणि रोपात इथिलीन कमी बनते. यात उपकाराची भावना वगैरे काही नाही, ते त्यांचे जेवण आहे. मायाक यांनी दक्षिण इस्रायलमधल्या आरावा या रखरखीत पट्ट्यातल्या मातीतून एआरव्ही-८ हा असा जिवाणूचा वाण वेगळा केला, टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांना दिला आणि काही काळ पाणी तोडले. जिवाणूवाल्या रोपांचे ओले आणि सुके वजन लक्षणीय जास्त भरले. पुढे सगळे उद्धृत करतात ते एवढेच. त्याच निबंधात नोंदवलेली दुसरी गोष्ट अशी, की पाणी तोडलेले असताना रोपातले पाणी दोन्हीकडे सारखेच घटत गेले. जिवाणूवाल्या रोपांची वाढ मात्र चालू राहिली, आणि पाणी पुन्हा मिळताच ती चांगली सावरली.

माझे म्हणणे या दुसऱ्या नोंदीवर उभे आहे. जिवाणूने पाणी आणले नाही की वाचवले नाही. त्याने रोपाचा अतिरेक आवरला. तेव्हा त्याचा उपयोग पाणी परत येणार असेल तिथे. जुलै-ऑगस्टात पावसाने खंड दिला आणि सोयाबीन माना टाकू लागले, तर हे काम नेमके हवे असते. सोलापूरकडची रब्बी ज्वारी मात्र जमिनीत साठलेल्या ओलीवर दाणा भरते. वर पाणी पडायचे नसते. तिथे ताणातही वाढत राहणारे झाड ती ओल लवकर संपवून बसण्याचीच भीती जास्त. दोन्हींना ‘दुष्काळ’ म्हणून एकच बाटली विकणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

यावर दोन सबळ आक्षेप आहेत. बेलिमोव आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एसीसी फोडणारा जिवाणू दिल्यावर कोरड्या होत जाणाऱ्या मातीतल्या वाटाण्यात उत्पन्न आणि पाणी वापरण्याची कार्यक्षमता दोन्ही वाढल्याचे दाखवले. ज्या जिवाणूचे ते विकर दुबळे केले होते, त्याने फायदा दिला नाही. (बेलिमोव सेंट पीटर्सबर्गचे. १९०१ साली नेल्युबोव यांनी इथिलीनचा वनस्पतीवरचा परिणाम सिद्ध केला तोही त्याच शहरात, वाटाण्यावरच.) २००९ मध्येच हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेतून सूर्यफुलाच्या रोपांवरचे काम प्रसिद्ध झाले : स्यूडोमोनास पुटिडाचा एक वाण चिकट शर्करा सोडतो, मुळाला जास्त माती धरून राहते आणि रोपे जास्त जगतात. हा मार्ग पाण्याशीच भिडतो, म्हणून माझे विधान सर्व जिवाणूंना लागू नाही, हे मान्य. पण सूर्यफुलाचा पुरावा रोपावस्थेपुरता आहे, आणि हजारो स्थानिक जिवाणूंनी भरलेल्या शेतात पाहुण्याला टिकायचे असते, तो प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचे उत्तर सोव्हिएत संघाने महाग किंमत मोजून मिळवले आहे. १९५८ मध्ये तिथे सुमारे १ कोटी हेक्टरांवर ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद मोकळे करणारी जिवाणू खते वापरली गेली. मिशुस्तिन आणि नाउमोवा यांनी १९६२ मध्ये या खतांचा हिशेब मांडला तेव्हा परिणाम बेभरवशाचे निघाले.

आपल्याकडे जिवाणू खते २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशात आली. भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी, द्रवरूप खतात मिलिलिटरला १० कोटी जिवंत पेशी असाव्यात, अशी अट आली. मोजणी हवीच, पण पेशी मोजून खंडातले काम कळत नाही. तेव्हा सोयाबीनवाल्याने ही बीजप्रक्रिया करायचीच तर शेजारी एक पट्टा बिनजिवाणूंचा पेरावा आणि खंड पडलेल्या वर्षी दोन्हींचे धान्य वेगळे मळून वजन करावे. रब्बी ज्वारीसाठी मात्र सध्याच्या पुराव्यावर यात पैसा घालू नये.