पोटगीचा आकडा : वाढ, घट आणि अर्ज

हुकूम झाला तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता दहावीला आहे. पोटगी मात्र तेवढीच. कायमची पोटगी कशी ठरते ते मागच्या भागात पाहिलं. ती बदलून कशी घ्यायची, ते आज पाहू.

हिंदू विवाह कायद्याचं कलम २५(२) सांगतं की हुकुमानंतर दोघांपैकी कुणाचीही परिस्थिती बदलली तर कोर्ट आकडा वाढवू किंवा घटवू शकतं, हुकूमही रद्द करू शकतं. पोटगी जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली मिळाली असेल, तर बदलाचा अर्ज कलम १२७ खाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आलं आहे. जिथे हुकूम झाला तिथेच, त्याच प्रकरणात अर्ज करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये बजावलं. ते प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं होतं.

खरी ओढाताण होते ती ‘बदल’ दाखवताना. हुकुमाच्या वेळी जे होतं तेच पुन्हा उगाळून भागत नाही. बढती, सुटलेली नोकरी, दुखणं, बायकोला लागलेली नोकरी हे सगळं कागदावर दिसावं लागतं. म्हणून शपथपत्राला पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे, शाळेच्या फीच्या पावत्या, औषधांची बिलं जोडा. २०१७ च्या एका निकालात नवऱ्याचं दुसरं लग्न आणि मूल लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयानं २३ हजारांची पोटगी २० हजारांवर आणली. २०२५ मध्ये मात्र पुन्हा लग्न न केलेल्या एका बाईची पोटगी २० हजारांवरून ५० हजार केली, शिवाय दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. ही ठरावीक वाढ पहिल्याच हुकुमात मागून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. दर वेळी वकिलाची फी भरून महागाई सिद्ध करत बसण्याची पाळी कुणावर येऊ नये.

नोकरी गेलेल्या माणसाचीही अडचण खरी असते. पण त्यानं पैसे परस्पर बंद करू नयेत. अर्ज होईपर्यंत जुनाच आकडा चालू राहतो, थकबाकी चढत जाते, आणि नंतर आकडा कमी झाला तरी अर्जाआधीची थकबाकी सहसा माफ होत नाही. नोकरी सुटल्याचं पत्र हातात पडताच वकिलाला गाठा.

माजी पत्नीनं दुसरं लग्न केलं तर तिची पोटगी रद्द करून घेता येते. मुलांची पोटगी त्यामुळे थांबत नाही. ती वेगळी, मुलांच्या हक्काची असते. हे माहीत नसल्यानं कितीतरी आया मुलांच्या पैशांवरही पाणी सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

पुढच्या भागात : थकलेल्या पोटगीची वसुली आणि त्यासाठीची एक वर्षाची मुदत.