कपाळाला विचारा!

सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळतं, डोळा मिटत नाही, हसू एकाच गालावर उमटतं. जळगाव-धुळ्याकडे निदान तयारच असतं: "कूलरचं वारं लागलं!" ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कूलर रात्रभर उशाशी, म्हणून आरोपीही तोच. खरी अडचण मात्र कानामागे असते. चेहऱ्याची सातवी नस कवटीच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून बाहेर येते. ती सुजली की फुगायला जागा नसते. दबते आणि अर्धा चेहरा लुळा पडतो. हाच बेल्स पाल्सी. सूज बहुधा शरीरात दडून बसलेल्या, नागिणीच्याच कुळातल्या विषाणूमुळे येते, असं मानतात.

या एका नसेकडे कामं तरी किती! जिभेच्या पुढच्या भागाची चवही तीच नेते. म्हणून ताटात वांग्याचं भरीत अन् कळण्याची भाकरी असूनही अर्धी जीभ मख्ख राहते आणि घास गालातच साचतो. कानातल्या चिमुकल्या स्नायूचा लगामही तिच्याच हाती. तो सुटला की साधी वाटी पडली तरी कानठळ्या बसतात.

आता आरशासमोर भुवया उंचवा. तोंड वाकडं, पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात? मग शंका पक्षाघाताची. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो, त्यामुळे एक बाजू बंद पडली तरी आठ्या पडतात. हात लुळा पडला, बोबडी वळली, तर १०८ फिरवाच. शंका असली तरी थांबू नका. कपाळही गुळगुळीत झालं असेल तर बहुधा नसच. पण तो निवाडा डॉक्टरांचा. स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत चांगलं, आणि नेमके तेच तीन दिवस लेप-उताऱ्यात जातात, याची मला फार चुटपुट लागते. न मिटणाऱ्या डोळ्यात थेंब घालायचे, रात्री तो पट्टीने बंद ठेवायचा. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत-महिन्यांत सावरतो. मधुमेहींनी आणि गरोदर बायकांनी जास्त सावध राहावं.

मारानेही चेहरा असा लुळा पडू शकतो. खानदेशाजवळच्या येवल्यात जन्मलेल्या ललिता पवारांना १९४२मध्ये चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला लकवा, तीन वर्षं उपचार, डावा डोळा कायमचा बारीक. नायिकेच्या भूमिका सुटल्या. पण त्याच डोळ्याने खाष्ट सासू गाजवली, 'अनाडी'तली प्रेमळ मिसेस डिसा केली आणि 'रामायण'मधली मंथराही.

नस पुन्हा जुळताना कधी तंतू घर चुकतात. लाळग्रंथीचे तंतू अश्रुग्रंथीला जाऊन भिडतात आणि शेवभाजीचा पहिला घास घेताच त्या बाजूचा डोळा वाहू लागतो, भाजी कितीही फिकी असो. त्यावरही उपाय आहे: अश्रुग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन.