ब्रायन बोरूचें सम्राट्पद : एका समकालीन नोंदीचा विचार

आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू यानें डब्लिनजवळील क्लॉन्टार्फच्या लढाईंत नॉर्स दर्यावर्द्यांस देशाबाहेर घालविलें, अशी समजूत फार दिवस रूढ आहे. तिचा मुख्य आधार ‘गेलांचें परक्यांशीं युद्ध’ हा ग्रंथ होय. परंतु तो बाराव्या शतकाच्या आरंभीं, ब्रायनच्या पणतूच्या अमदानींत, त्या घराण्याची थोरवी गाण्यासाठीं रचला गेला. सबब त्याचें प्रामाण्य बखरीइतकेंच. समकालीन साधन पाहूं गेल्यास तें निराळ्याच ठिकाणीं सांपडतें.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत ‘आर्मा ग्रंथ’ नांवाची चर्मपत्रांवरील पोथी आहे. ती फर्डोमनाख नामक लेखकानें इ. स. ८०७ च्या सुमारास लिहिली. तिच्या १६ व्या पत्राच्या पाठीवर सुमारें दोनशें वर्षांनंतरची, म्हणजे इ. स. १००५ मधील, एक लहानशी लॅटिन नोंद आहे. त्या वर्षीं ब्रायन आर्मा येथील धर्मपीठास गेला व त्यानें वेदीवर वीस औंस सोनें ठेविलें. नोंदीचा आशय असा कीं, संत पॅट्रिकच्या आज्ञेनुसार धर्मादाय उत्पन्न आर्माकडे यावें, आणि हा हक्क ब्रायननें कॅशेलच्या, म्हणजे मन्स्टर प्रांताच्या, सर्व राजांकरितां कायम केला. ही एका अर्थीं सनदच होय. लेखक मेलसुथन यानें आपल्या नांवाचेंही लॅटिन भाषांतर केलें आहे. संस्कृतांत त्यास ‘नित्यमुंड’ म्हणतां येईल. त्यानें ब्रायनला ‘इंपेरातोर स्कोतोरुम’ म्हणजे गेलांचा सम्राट् म्हटलें आहे. कारण ‘स्कोती’ ही संज्ञा तेव्हां गेल लोकांस लावीत.

हें पद कितपत सार्थ होतें? भाऊ मॅहन इ. स. ९७६ मध्यें मारला गेल्यावर ब्रायन पुढें आला व ९७८ पर्यंत मन्स्टरचा स्वामी झाला. ९९७ मध्यें त्यानें व मॅलकी राजानें आयर्लंड वांटून घेतलें; १००२ मध्यें मॅलकीनें त्याचें वर्चस्व मान्य केलें. अधिराजपद शतकानुशतकें नील घराण्याच्या शाखांत होतें; म्हणून या नव्या पुरुषास धर्मपीठाची मान्यता हवी होती, आणि पीठास उत्पन्नाची हमी. तथापि वायव्येकडील कोनलच्या वंशजांनीं इ. स. १०११ पर्यंत मान तुकविली नव्हती. तात्पर्य, नोंद अस्सल असली तरी ती दाव्याचा पुरावा आहे, पूर्ण अमलाचा नव्हे.

ता. २३ एप्रिल १०१४ रोजीं क्लॉन्टार्फ येथें ब्रायनच्या सैन्याचा जय झाला, पण तो स्वतः मारला गेला. विरुद्ध पक्षांत नॉर्स होते, तसेच लीन्स्टरचे गेलही होते. डब्लिनचा नॉर्स राजा सिट्रिक हा तर ब्रायनचा जांवई. तो पुढें १०३६ पर्यंत गादीवर राहिला. अधिराजपद पुनः मॅलकीकडे गेलें. ब्रायनचें दफन मात्र आर्मा येथेंच झालें.

पणतूच्या काळच्या विस्तृत ग्रंथाहून या चार ओळींनीं राजाची आकांक्षा व तिची मर्यादा अधिक स्पष्ट होते. यास्तव पोथीची नक्कल करतांना संग्राहकांनीं मूळ ग्रंथाबरोबर कोऱ्या जागेंतील परहस्ताच्या नोंदीही टिपाव्या, इतकीच विनंति.